वीज काढून घेतलेलं पाणी

माझे वडील सव्वीस वर्षं धरणाच्या पॉवर हाऊसमध्ये ऑपरेटर होते. शहराच्या दक्षिणेला, तासाभराच्या रस्त्यावर, धरणाच्या भिंतीच्या पायथ्याशी ते पॉवर हाऊस आहे. त्याच्याजवळच्या कॉलनीत माझं लहानपण गेलं. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. आण्णा कमी बोलायचे. ड्यूटीवरून आले की हातपाय धुवायचे, रेडिओवर बातम्या लावायचे, आणि आईनं विचारलं तर तेवढंच सांगायचे, "आज मशीन चालू व्हती," किंवा "आज बंद व्हती."

आण्णांचं मूळ गाव त्याच धरणाच्या पाण्यात गेलेलं. गाव उठलं तेव्हा ते नुकतेच मॅट्रिक झाले होते. पुढं धरणग्रस्त म्हणून त्यांना नोकरी लागली. आजोबा आणि आण्णांचे थोरले भाऊ मात्र भिंतीच्या खालच्या बाजूला, नदीकाठी वसवलेल्या नव्या गावात राहायला गेले. त्या थोरल्या चुलत्यांना मी तात्या म्हणायचे. तात्यांनी नव्या जमिनीत मोसंबीची बाग लावली आणि नदीत मोटर टाकून तिला पाणी दिलं.

त्या गावात एक समज होता. धरणातलं पाणी मशीनमधून जातं, मशीन त्यातली वीज काढून घेते, आणि मग उरलेलं पाणी नदीला सोडतात. दह्यातलं लोणी काढल्यावर ताक उरावं तसं. अशा पाण्यावर पीक जगतं, पण फळ धरत नाही, असं लोक म्हणायचे. सुट्टीत मी तात्यांकडे गेले की बायका नदीवर कपडे धुताना हे बोलत, आणि माझे वडील पॉवर हाऊसमध्ये आहेत म्हणून मध्येच थांबत.

मी चौथीत असताना तात्या एकदा सकाळीच कॉलनीत आले. पिशवीत मोसंबीच्या दोन फांद्या होत्या, पानं पिवळी पडलेली. त्यांनी त्या आण्णांसमोर ठेवल्या.

"बघ," ते म्हणाले. "तुमच्या मशीनीतून आल्याल्या पाण्यानं ही गत केली."

"दादा, पाण्यात काही कमी नाय व्हत," आण्णा म्हणाले.

"मंग वीज कशातून काढता?"

आण्णांनी बराच वेळ समजावून सांगितलं. तात्या ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "डोळ्यानं दाखीव."

त्या दिवशी आण्णांनी साहेबांची परवानगी काढली आणि आम्हा दोघांना आत नेलं. तात्यांनी दारातच चपला काढल्या. कुणी काढायला सांगितल्या नव्हत्या. आत गार होतं, तेलाचा वास होता, आणि पायाखालची फरशी बारीक थरथरत होती. आण्णांनी जिना उतरून खाली नेलं, फिरणारा लोखंडी दांडा दाखवला. पाणी वरून पडतं, चाक फिरतं, चाकाबरोबर हा दांडा फिरतो, बस्स एवढंच. तात्यांनी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "पाणी भाईर कुठं पडतं?"

बाहेर पाणी नदीत पडतं तिथं काँक्रीटच्या पायऱ्या होत्या. तात्या धोतर सावरत शेवटच्या पायरीपर्यंत उतरले, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात धरलं, मग गिळलं. वर बघून म्हणाले, "दमल्यालं हाय हे पाणी."

आण्णांबरोबरचे दोघे ऑपरेटर मोठ्यानं हसले. आण्णाही हसले. सगळे हसतायत म्हणून मीही हसले. तात्यांनी ओला हात धोतराला पुसला, वर आले, चपला घातल्या. आमच्या घरी चहा घेतला आणि गेले. त्यानंतर ते कॉलनीत कधी आले नाहीत. लग्नाकार्यात भेटत, माझ्या डोक्यावरून हात फिरवत, पण आमच्या घराची पायरी काही ते चढले नाहीत. दोनेक वर्षांनी त्यांनी बाग तोडली आणि कपाशी लावली. त्यांची मुलं पुढं करमाडकडं कंपनीत कामाला लागली. तात्या वारले त्याला आता नऊ वर्षं झाली.

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि शहरातच राहिले. मुकुंदवाडीत आमचं घर आहे. नवरा एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. मी सर्व्हेची कामं करते. कुणाला गावोगावची माहिती हवी असते, ते एखाद्या एजन्सीला काम देतात, एजन्सी माझ्यासारख्या बायका-पुरुषांना नेमते. शौचालयं, लसीकरण, बचत गट, पीक विमा. टॅबवर प्रश्न असतात, ते वाचायचे, उत्तरावर बोट ठेवायचं, पुढच्या घरी जायचं. या कामात आपलं मत मागं ठेवायची सवय लागते. मला ते जड गेलं नाही. ती सवय आमच्या घरातच होती.

आई गेल्यावर आण्णा आमच्याकडं राहायला आले. सकाळी मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचे, पॅसेंजर येऊन गेली की परत यायचे. दुपारी पेपर. असं वर्षभर चाललं.

मग उस्मानपुऱ्यातल्या एका एजन्सीकडून मला नवं काम आलं. शहराच्या उत्तरेला, डोंगरात, एक मोठा जलविद्युत प्रकल्प होणार होता. एक तळं डोंगराच्या माथ्यावर, एक पायथ्याशी. दिवसा ऊन असताना सोलरची वीज जास्त होते, तेव्हा त्या विजेवर खालचं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी विजेची गरज वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. खालच्या तळ्यात एका गावाचं बरंच शिवार जाणार होतं. त्या गावातल्या लोकांना प्रकल्पाबद्दल काय वाटतं, ते आम्ही विचारायचं होतं.

रात्री जेवताना मी हे नवऱ्याला सांगत होते. आण्णा ताटावरून म्हणाले, "आमची मशीनबी उलटी फिरायची. पाणी वर घ्यायची सोय व्हती तिच्यात." मग थोड्या वेळानं, "मी येऊ का संगं? गाडीत जागा असंल तर."

त्यांनी असं काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी हो म्हणाले.

गाव दोन तासांवर होतं. शेवटचा रस्ता कच्चा, दोन्ही बाजूंना मका आणि अद्रक. पहिल्या तीन घरी लोकांनी मला कंपनीची बाई समजून चहा दिला नाही, उत्तरं मात्र दिली. आण्णा जीपजवळच थांबले होते. चौथं घर गावाच्या टोकाला, शेतातच होतं. तिथं ऊन फार होतं म्हणून मी त्यांना ओट्यावर बोलावून घेतलं.

त्या घरातल्या बाईंना गावात सगळे अक्का म्हणत. पन्नाशी ओलांडलेल्या, हाताला ओल्या अद्रकाची माती. घरामागं उतारावर त्यांची अडीच एकर जमीन आणि मधोमध विहीर. ती विहीर त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं तीन उन्हाळे खपून स्वतः खोदली होती. नवरा आता नव्हता. शेजारी त्यांचा पुतण्या बसला होता, तिशीचा, वाळूजला कंपनीत कंत्राटी कामाला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

मी प्रश्न वाचला. "प्रकल्पाबद्दल तुम्हाला माहिती आहे का?"

"हाये ना," अक्का म्हणाल्या. "खालचं पाणी वर नेणार, वरचं खाली सोडणार. मंग मला सांगा ताई, तेच पाणी वर आन् तेच पाणी खाली, तर प्यायला कुणाला मिळणार?"

या प्रश्नाला टॅबमध्ये उत्तर नव्हतं. मी पुढचा प्रश्न वाचला. "प्रकल्पाबद्दल तुमचं मत काय? अनुकूल, प्रतिकूल, की तटस्थ?"

"आमी अनुकूल," पुतण्या म्हणाला. "लिहा. रस्ता होईन, काम लागंन. इथं काय ठेवलंय?"

"तुझं तुझ्या घरी लिही," अक्का म्हणाल्या, आणि माझ्याकडं वळल्या. "मला पुरतं कळलंच नाय, त मी व्हय कशी म्हणू आन् नाय तरी कशी म्हणू?"

उत्तर दिल्याशिवाय टॅब पुढं सरकत नव्हता. मी 'तटस्थ'वर बोट ठेवलं.

तेवढ्यात अक्कांनी ओट्याच्या कडेला बसलेल्या आण्णांकडं बघितलं. "हे कोण?"

"माझे वडील," मी म्हणाले. "धरणावर पॉवर हाऊसमध्ये होते."

त्यांनी पदर सावरला आणि सरळ आण्णांनाच विचारलं, "मंग बाबा, तुम्हाला ठावं असंन. वीज काढून घेतली त पाण्यात काय राह्यतं? लोक सांगू राह्यले, ते पाणी पिकाला चालत नाय."

मला तात्या आठवले आणि मी आण्णांकडं बघायचं टाळलं. आण्णा हसले नाहीत.

"पाणी तसंच राहतं, ताई," ते म्हणाले. "त्यातलं काही जात नाय. माझ्या थोरल्या भावालाबी असंच वाटायचं. मी त्याला आत नेऊन मशीन दाखवली. चार लोकांत त्याला हसलो. पण त्याची बाग वाळली, ते खरं व्हतं. त्याचं कारण आम्ही कुणी त्याला सांगितलं नाय."

"काय कारण?"

"पाणी आम्ही विजेसाठी सोडायचो. वरून फोन यायचा, इतकी वीज पायजे, की मशीन चालू. नको म्हणले की बंद. बागेला पाणी कव्हा पायजे, ते त्या फोनवर कुणी इचारत नव्हतं. कधी नदी तुडुंब, कधी आठ-आठ दिवस त्याची मोटर चिखलात. झाड तरी कसं टिकंल? त्याचं म्हणणं चुकीचं व्हतं, दुखणं खरं व्हतं. मी दुखणं सोडून म्हणणंच खोडत बसलो."

पुतण्या पुढं सरकला. "पण तुम्हाला नोकरी त लागली ना?"

"लागली. घरटी धरणग्रस्ताचा एक दाखला, एका दाखल्यावर एक नोकरी. आम्ही दोघं भाऊ. थोरला म्हणाला, तू शिकल्याला हायेस, तू जा. मी गेलो." आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला वाटलं त्याला शेतीच आवडती. आवडती का, ते मी कव्हा इचारलंच नाय."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. टॅबचा पडदा काळा झाला होता. अक्का उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या, आम्हा सगळ्यांसाठी.

चहा पिताना त्यांनी विचारलं, "मंग आमी काय करावं?"

मी मध्ये बोलणार होते, की आम्ही फक्त माहिती घ्यायला आलोय. आण्णा आधीच बोलले.

"प्रकल्प घ्यावा का नाय, ते मी नाय सांगणार. ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मोजणीला लोक येतील तव्हा रागानं निघून जाऊ नका. माझे वडील गेले. मोजणीच्या दिवशी पाठ फिरवून लेकीच्या गावाला जाऊन बसले. विहीर आन् आंब्याची झाडं कागदावर आलीच नायत. जे कागदावर नाय त्याचा मावेजा नाय, भरपाई नाय. नव्या गावात दुसरी विहीर कशी पाडणार? शेवटी नदीवरच भागवावं लागलं." त्यांनी उताराकडं हात केला. "ती विहीर पाण्यासकट मोजायला लावा. उन्हाळ्यात मोजली तर कोरडी लिहितील. झाडं आधी तुम्हीच मोजा, आकडे घाला, शेजारी उभं राहून फोटो काढा."

परत येताना गाडीत, फुलंब्री मागं पडल्यावर मी म्हणाले, "आण्णा, हे सगळं तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कव्हा इचारलं नाय," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दाखल्याचं तात्यानंबी कव्हा नाय इचारलं. मी काय घेतलं ते त्याला ठावंच व्हतं."

ते रडतील असं मला वाटलं. पण त्यांनी ड्रायव्हरला पाण्याची बाटली मागितली, दोन घोट घेतले आणि डोळे मिटून बसले.

आठवड्याभरात एजन्सीच्या समन्वयकांचा फोन आला. माझ्याहून लहान, पण सभ्य माणूस. म्हणाले, "मॅडम, तुमच्याबरोबर तुमचे वडील होते का? गावात लोक झाडांना आकडे घालतायत. वरून विचारणा झाली."

मी जे झालं ते सांगितलं.

"आपण मत गोळा करतो, मॅडम. मत देत नाही."

त्यांचं बरोबर होतं. मीही नव्या मुलींना हेच सांगत आले होते. दुसऱ्या फेरीला त्यांनी मला बोलावलं नाही. थोडं वाईट वाटलं, मग पोषण आहाराच्या सर्व्हेचं काम मिळालं आणि मी त्यात लागले. रागावून आण्णांना काही बोलावं असं एक-दोनदा मनात आलं. पण ते स्टेशनच्या बाकावर जायचे बंद झाले होते. सकाळी डबा घेऊन सिडको बसस्टँडवर जायचे आणि त्या गावाची बस धरायचे.

तिथं ते काय करतात ते मला अक्कांच्या फोनवरून कळायचं. गावातली मंडळी आणि ते टेप घेऊन बांधाबांधानं फिरत होते. झाडांच्या बुंध्यांवर गेरूनं आकडे घालत होते. बोअर, पाइपलाइन, गोठे, जनावरांचे हौद, सगळ्याचे फोटो निघत होते, प्रत्येक फोटोत घरातलं एक माणूस उभं. प्रकल्पाला विरोध करणारेही यात होते आणि पुतण्यासारखे पाठिंबा देणारेही. मोबाइलवर फोटो नीट लावून ठेवायचं काम पुतण्याच करत होता.

सरकारी मोजणी झाली त्या दिवशी मी रजा काढून गेले. पावसाळा सरला होता, विहिरी भरलेल्या होत्या. मोजणीवाल्यांना घेऊन अक्का पुढं चालत होत्या. विहिरीपाशी आल्यावर त्यांनी दोरीला दगड बांधला, आत सोडला, वर काढला आणि ओली दोरी मोजणीवाल्याच्या हातात दिली. "ही लिहा," त्या म्हणाल्या. त्यानं लिहिली.

आण्णा मागं उभे होते. मोजणीवाल्यानं त्यांना जमीनवाला समजून विचारलं, "बाबा, तुमचा गट नंबर?"

"माझा पाण्यात हाय," आण्णा म्हणाले.

मोजणीवाल्यानं एकवार माझ्याकडं बघितलं आणि पुढच्या शेताकडं वळला.

प्रकल्प अजून आलेला नाही. येणार की नाही, तेही नक्की कुणी सांगत नाही. डोंगरावर दोन ठिकाणी खडक तपासायला ड्रिल मारून गेले. भोकांवर सिमेंटची झाकणं आहेत, त्यांवर गुराखी जेवायला बसतात. जनसुनावणी झाली. तिच्यात पुतण्या बाजूनं बोलला आणि गावातलेच दुसरे चौघे विरोधात बोलले. अक्का उठल्या तेव्हा दोन्ही बाजू गप्प झाल्या. त्यांनी एवढंच विचारलं, की खालच्या तळ्याच्या काठावरच्या गावांना पाणी कधी आणि किती, हे कागदावर कुठं लिहिलंय ते पान दाखवा. साहेब म्हणाले, तपासून कळवतो. ते कळवणं अजून व्हायचं आहे.

गावात आता सरळ दोन तट पडलेत. एका तटाच्या लग्नाला दुसरा जात नाही, पारावर बसायच्या वेळाही वेगळ्या झाल्या. मी शेवटची गेले तेव्हा अक्कांचं आणि पुतण्याचं बोलणं बंद होतं. घरं मात्र एकाच भिंतीला लागून. मोजणीनं गाव जुळून येईल असं मला आधी वाटलं होतं, ते तसं झालं नाही. मोजणीपुरते लोक एकत्र आले, आणि मोजणी संपली तशी आपापल्या मतावर परत गेले.

आण्णा दोन्ही घरी चहा घेतात. कुणाचं काही खोडत नाहीत. आठवड्यातून एकदा जातात, संध्याकाळच्या बसनं येतात. येताना कधी या घरचं अद्रक असतं, कधी त्या घरची मक्याची कणसं. मी विचारते, काय म्हणत होते लोक, आणि ते हातपाय धुऊन, खुर्चीत बसून, आता सविस्तर सांगतात.